ते औषध, ती दारू

९ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहायला जमलं नाही. काल आमच्या यांना पोलिसांनी पकडलं.

हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. व्याकरणात चूक नाही, म्हणजे खरं असणार.

रोज पानभर मराठी लिहायची सवय मला यांनीच लावली. लग्न झालं तेव्हा मी नुकतीच कॉन्व्हेंटातून बाहेर पडलेली. सिस्टरांनी मला पियानो, शिष्टाचार आणि सुबक अक्षर दिलं होतं, पण कुठली वस्तू तो, कुठली ती आणि कुठली ते, हे काही दिलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर मी म्हणाले, "चहा उकळली." हे तेव्हा एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायचे. पुढे मुख्य संपादक होऊन निवृत्त झाले. पाहुणे गेल्यावर हे वही घेऊन आले. "रोज एक पान लिही. मी तपासतो." पाच-सहा वर्षं तांबड्या शाईने तपासलंही. मग चुका सापडेनाशा झाल्या आणि यांचा रस गेला. मी लिहीत राहिले. यंदा छत्तीसावी वही. घरात माझं नाव मात्र 'कॉन्व्हेंट' पडलं, ते पडलंच.

तर काल. यांच्या जुन्या सहकाऱ्याकडे दुपारचं जेवण होतं. यांनी दोन पेले घेतले, तेही जेवणाबरोबर. साडेतीनला निघालो. मी म्हटलं, "टॅक्सी बोलवू का?" तर हे म्हणाले, "कॉन्व्हेंट, तू मला गाडीचं सांगू नकोस. फाटक आठवतंय ना?" वीस वर्षांपूर्वी मी गाडी फाटकावर घातली होती. तेव्हापासून मी चालवत नाही. मी गप्प बसले.

वाचनालयाच्या चौकात पांढऱ्या पट्ट्यांवरून एक बाई रस्ता ओलांडत होती. आमच्या गाडीच्या आरशाचा तिला धक्का बसला आणि ती हातावर पडली. गाडी पुढेच निघाली होती. मी घाबरून हँडब्रेक ओढला. हे खाली उतरले, त्या बाईवर वाकले आणि म्हणाले, "दिसत नाही का?" धक्क्यामुळे माणूस काहीबाही बोलतो.

चौकातल्या वाहतूक पोलीस बाई धावत आल्या. यांचा तोल जरा जात होता. त्यांनी मला विचारलं, "काय झालंय यांना?" मी म्हटलं, "काही नाही हो, थोडी घेतलीय. पण गाडी अगदी हातातली आहे." त्यांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि खाली सही मागितली. सही करताना शाळेत निबंध तपासून परत मिळायचा त्याची आठवण झाली. एकही चूक नव्हती.

मग यांनी फुंकायच्या यंत्रात फुंकलं. मग यांच्या छातीत दुखायला लागलं. आधी यांच्या वर्गमित्र डॉक्टरांकडे जायचं ठरलं. वाटेत हे दोन बाटल्या पाणी प्यायले. छातीचं दुखणं पाण्याने उतरतं हे मला नव्यानेच कळलं. तपासासाठी रक्त घेतलं तोवर साडेआठ वाजले होते.

११ फेब्रुवारी, बुधवार

यांचा भाचा आला होता. वकील आहे. लहानपणी माझ्या हातचा केक खायला सुट्टीभर राहायचा आणि तुकडे सारखे झाले नाहीत म्हणून भांडायचा. त्या पोराचं पुढे काय होणार ते तेव्हाच दिसत होतं.

"मामी, कलमं दोन," तो म्हणाला. "दारू पिऊन गाडी चालवणं, आणि बेदरकार चालवून दुखापत करणं. पहिलं उडालं की दुसरं हलकं होतं. मग तो नुसता अपघात. अपघात काय, कोणालाही होतो."

"त्या बाईलाही झाला," मी म्हटलं.

"तेच तर! तिलाही झाला, यांनाही झाला. बरोबरी झाली."

मग त्याने कागद काढला. पोलीस बाईंनी लिहिलं होतं: डोळे लाल, बोलणं अडखळत, चाल डळमळीत, तोंडाला वास. भाच्याने प्रत्येकापुढे उत्तर लिहिलं. डोळे लाल: दुपारचं ऊन. बोलणं अडखळत: वरची कवळी सैल. चाल डळमळीत: डावा गुडघा. वास: खोकल्याचं औषध, त्यात मद्यार्क असतो. हे बाजूला ताठ बसून ऐकत होते. मी मनात बेरीज केली. इतकी दुखणी असलेल्या माणसाला दारू न पिताही गाडी चालवू देऊ नये. पण मी कायदा शिकलेली नाही.

"आणि यंत्रात आकडा आलाय तो?" यांनी विचारलं.

"मामा, यंत्राचीसुद्धा दरवर्षी तपासणी लागते. ते प्रमाणपत्र मी मागवलंय. यंत्र आजारी निघालं तर देव पावला."

म्हणजे निरोगी एकटी मीच.

१५ फेब्रुवारी, रविवार

त्या बाईचं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. उजवा हात. कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे म्हणे. भाच्याने सांगितलं आणि लगेच म्हणाला, "ती फोनमध्ये बघत चालली होती असं दिसलं होतं का तुम्हाला?"

"नाही."

"आठवून बघा."

"आठवतंय म्हणूनच सांगते, नाही."

हँडब्रेक मी ओढला हे ऐकल्यावर मात्र तो उठून उभाच राहिला. "म्हणजे गाडीचा ताबा तुमच्याकडेही होता! मामी, तुम्ही तर थेंबही घेत नाही. तुम्हीच चालवत होतात म्हटलं तर दारूचं कलमच उरत नाही."

हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत विचारात पडले होते. माझ्या काळजीने असेल. शेवटी मीच म्हटलं, "माझं लायसन्स संपून अकरा वर्षं झाली. आणि पोलीस बाईंनी यांना चालकाच्या दारातून उतरताना बघितलंय."

"हो, तेही आहे," हे म्हणाले. जरा निराशच वाटले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

यंत्र आजारी निघालं! प्रमाणपत्राची मुदत अपघाताच्या नऊ दिवस आधीच संपली होती. भाचा दारातूनच ओरडत आला. यांनी मुलगा पहिला आल्यासारखी त्याची पाठ थोपटली. रक्तात दारूचा अंश उतरला होता, तेवढा खोकल्याच्या औषधाचाही असू शकतो, असं लिहून द्यायला ते वर्गमित्र डॉक्टर तयार आहेत.

"आता फक्त एकच खिळा राहिला," भाचा म्हणाला आणि माझ्याकडे बघायला लागला. "तुमचं वाक्य, मामी. 'थोडी घेतलीय.'"

"मग मला औषधच म्हणायचं होतं असं सांग," यांनी सुचवलं.

"मामा, औषध 'घेतलं' असतं. मामींनी 'घेतली' म्हटलंय. पोलीस बाईंनी ई काढलीय, चांगली ठसठशीत."

"मग गोळी म्हणू?" मी विचारलं. बायको म्हणून मदत करायला नको का.

"गोळीला वास येत नाही. आणि 'थोडी गोळी' कोण म्हणतं?"

हे डोळे मिटून बसले होते. कोरड्या आवाजात म्हणाले, "कर्मणी प्रयोग. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं."

हे वाक्य मी लग्नानंतर शेकडो वेळा ऐकलंय. आज ते ऐकून भाचा हसला आणि हे भडकले.

मग भाच्याने टेबलावर थाप मारली. "मामी, तुम्ही कॉन्व्हेंटच्या ना! तुम्हाला मराठी कुठे येतं? तुम्हाला 'औषध घेतली' म्हणायचं होतं. लिंगाची चूक! बायकोला नवऱ्याविरुद्ध बोलायची सक्ती नाही, पण बाजूने बोलायला कोण अडवतंय? तुम्ही पिंजऱ्यात उभं राहायचं आणि चुकायचं."

यांनी डोळे उघडले. माझ्याकडे असं बघितलं की लग्नाआधीची पहिली भेट आठवली. तेव्हाही मी काहीतरी चुकले होते आणि यांना ते गोड वाटलं होतं.

"जमेल ना तुला, कॉन्व्हेंट?" यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

तालीम.

भाचा साक्ष घेतोय, मी जेवणाच्या टेबलामागे उभी, हे खुर्चीत. मी म्हटलं, "माझा पर्स गाडीत होता."

"छान!" भाचा म्हणाला.

"कसलं छान!" हे म्हणाले. "पर्स स्त्रीलिंगी आहे हे कोणालाही कळतं. अशी चूक कोणी करत नाही. चुकायचं तर पटेल असं चूक. पुन्हा."

"तो बाई पडला."

"अगं, ते सोंग वाटतं! चुकीलाही काही शिस्त असते. कॉन्व्हेंटची बाई माणसाचं लिंग चुकत नाही, वस्तूचं चुकते. आणि सामान्यरूप चुकते. 'रस्तावर' म्हण."

"रस्तावर."

यांना ते ऐकवेना. "रस्त्यावर," असं हे स्वतःशीच पुटपुटले आणि पाणी प्यायला उठले.

तासभर असं चाललं. जी चूक सोडवायला मला सहा वर्षं लागली ती परत घालायला एक दुपार पुरत नाही. संध्याकाळपर्यंत यांनी माझ्या बावीस चुका सुधारून त्या जास्त खऱ्या केल्या होत्या. आमच्यात इतकं बोलणं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. मला, लाज वाटते लिहायला, जरा बरंच वाटलं.

७ मार्च, शनिवार

भाच्याची नजर माझ्या वह्यांच्या फळीवर गेली. पस्तीस वह्या. त्याने एक उघडली, अर्धं पान वाचलं आणि कपाळाला हात लावला. "मामी, एवढं शुद्ध! सरकारी वकिलाला हे कळलं तर संपलंच सगळं."

"मी बघतो," हे म्हणाले.

आणि खरंच बघत बसले. सकाळपासून, मांडीवर घेऊन, एकामागून एक. तीस वर्षांनी हे माझं लिखाण वाचत होते! मी दोनदा चहा नेऊन ठेवला. वर बघितलं नाही. हसतील अशा जागा मला पाठ होत्या, पण हे कुठेच हसले नाहीत. चार वाजेपर्यंत चेहरा अगदी उतरला होता.

"खूप चुका आहेत का हो?" मी घाबरत विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "एकही नाही."

९ मार्च, सोमवार

फळी रिकामी. वह्या कागदाच्या लगद्याच्या कारखान्यात गेल्या. यांच्या प्रकाशनसंस्थेची जुनी पुस्तकं जातात तिथेच. व्याकरणापायी एवढं! एक-दोन तरी ठेवायच्या होत्या.

ही वही वाचली, कारण ती स्वयंपाकघरातल्या फडक्यांच्या खणात असते.

लेकीला फोन केला. ती लांब असते, तिला फार काही सांगितलं नव्हतं. आता वह्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, फाटकाची वही पण गेली?"

"फाटकाची कुठली वेगळी वही?"

"बाबांनी फाटक ठोकलं त्या वर्षीची."

"अगं, फाटक मी ठोकलं."

"मी मागच्या सीटवर होते, आई. तू तिथेच, माझ्या शेजारी होतीस. मला घट्ट धरायचीस तू, बाबा चालवत असले की. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका विचारायला आले तेव्हा तू म्हणालीस, मी ठोकलं."

लेकीला काहीही आठवतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पण मी ठोकलं हे मला कुठून माहीत, असा विचार करत बसले, तर शेजारच्या काकांना सांगितलेलं वाक्य तेवढं आठवलं. स्टिअरिंग काही आठवेना.

१९ मार्च, गुरुवार

आज मी त्या बाईकडे जाऊन आले. यांना सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जाते. अर्धं खरंच होतं. प्रयोगशाळा दवाखान्याच्या मागेच आहे.

एक लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. सगळे मला हसत होते. गुलाबी मेणाचा वास. टेबलाच्या टोकाला ती बसली होती, पन्नाशीची, उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हातात तापवलेली छोटी सुरी घेऊन मेणातला दात कोरत होती. दात बिघडत होता. ती बिघडलेलं मेण काढून टाकायची आणि परत सुरुवात करायची.

मी कोण ते सांगितलं. पिशवीतली संत्री टेबलावर ठेवली.

"सोलून ठेवा," ती म्हणाली. "एका हाताने सोलता येत नाहीत."

मी सोलायला बसले. तिने विचारलं, "कशाला आलात, ताई? मी तक्रार मागे घ्यावी म्हणून?"

"नाही हो. हात कसा आहे ते बघायला."

"हात हा असा आहे. डॉक्टर म्हणतात मनगट वळेल, पण पूर्वीसारखं नाही. माझं काम सगळं मनगटाचं. पंधरा वर्षं बारीक काम माझ्याकडेच यायचं, पुढचे दात, हसल्यावर दिसतात ते. आता दिलेत हे." तिने डाव्या हाताने एक साचा पुढे सरकवला. "दाढा. दाढा कोणी बघत नाही."

मी एक फोड तिच्या हातावर ठेवली. ती चघळत म्हणाली, "तुमच्या वकिलाचा माणूस आला होता. मी फोन बघत होते का, विचारत होता. आणि म्हणे तुमच्या यांची कवळी सैल आहे, म्हणून बोबडं बोलत होते. हो?"

मी दुसरं संत्रं सोलायला घेतलं.

"ताई, मी खाली पडलेली, ते माझ्यावर वाकलेले. 'दिसत नाही का' म्हणून ओरडले. मला दिसत होतं! अगदी सगळं दिसत होतं. वरची कवळी घट्ट आहे त्यांची, तसूभर हलली नाही. फार सुंदर काम आहे, कोणाचं आहे विचारून सांगा. जीभ अडखळत होती. दात नाही."

निघताना मी म्हटलं, "मला माफ करा."

"तुम्ही कुठे चालवत होतात?" ती म्हणाली. मग सुरी दिव्यावर धरली. "तुम्ही नुसत्या बसला होतात."

२० मार्च, शुक्रवार

लिहिण्यासारखं काही नाही. पेले तीन होते. जेवणाआधीचा मी धरला नव्हता.

२२ मार्च, रविवार

चार. गोड खाताना एक झाला होता.

शाळेत दर शनिवारी सिस्टर आम्हाला ओळीने उभं करून विचारायच्या, आठवड्यात खोटं किती बोललात? 'एकही नाही' म्हणावं तर तेच खोटं ठरायचं. म्हणून आमचं ठरलेलं असायचं: "एक, सिस्टर." सगळ्या वर्गाचं मिळून दर आठवड्याला बरोबर बत्तीस. सिस्टर समाधानाने मान हलवायच्या. किती निरागस वाटायचं ते! आता वाटतं, मोजण्यात फसवायचं शिक्षण मला फार चांगल्या शाळेत मिळालं.

१८ ऑगस्ट, मंगळवार

आज माझी साक्ष झाली.

कोर्टाच्या खोलीत पंखा जोरात आणि माणसं कमी. आरोपीच्या बाकावर हे, इस्त्रीचा सदरा घालून. मागच्या बाकावर कवळीवाल्या बाई. हात आता गळ्यात नव्हता, मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कोणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.

भाच्याने विचारलं, "आपलं शिक्षण?"

"कॉन्व्हेंटात."

"मराठी कितपत येतं?"

"फार नाही येत. खूप चुका होते."

यांनी वेदनेने डोळे मिटले. भाच्याचा चेहरा फुलला. "त्या दिवशी आपण म्हणालात, 'थोडी घेतलीय.' काय घेतलं होतं?"

"औषध. खोकल्याचा औषध."

झालं. मी खोटं बोलले. घाम आला नाही, आवाज कापला नाही. तालीम चांगली झाली होती.

मग सरकारी वकील उठल्या. माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मला वाटलं, व्याकरण विचारतील. त्यांनी ते विचारलंच नाही. कागद चाळत, आपल्या एखाद्या मैत्रिणीने विचारावं तसं त्यांनी सहज विचारलं, "बरं, ही औषध घरात कुठे ठेवली होती?"

"ठेवलं होतं," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

"औषध ठेवलं होतं. 'ठेवली' नाही. ते औषध."

आणि आरोपीच्या बाकावर हे मान हलवत होते. हळूच, वरून खाली, एकदा. पान बरोबर आलं की हलवायचे तशी. मग आपण काय केलं ते यांच्या लक्षात आलं आणि मान मध्येच थांबली.

सरकारी वकिलांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ते औषध," त्या म्हणाल्या. "मग ती कोण?"

कोणीतरी हसलं. भाचा हरकत घ्यायला उठला आणि कशाला घ्यायची ते न सुचून बसला.

लोकांना वाटेल, बाई बाणेदार निघाली. मुळीच नाही. तोवर मी फक्त एक चूक सुधारली होती, तीही सवयीने. अजूनही 'आठवत नाही' म्हणता आलं असतं. भाच्याचे ओठ तेच सांगत होते. मी मागच्या बाकाकडे बघितलं. कवळीवाल्या बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटायचा प्रयत्न करत होत्या. तिसरं मिटत नव्हतं.

मी म्हटलं, "दारू. पाच पेले. मी मोजले होते. मोजून शेजारी बसले."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, तुम्ही शपथेवर आहात. आत्ता औषध म्हणालात."

"ते खोटं होतं, साहेब. चुकाही खोट्या होत्या."

न्यायाधीश मला बरंच बोलले. सगळं योग्य होतं. त्यांनी एका वाक्यात 'शपथेचा पावित्र्य' म्हटलं. ते मी सोडून दिलं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

हे बोलत नाहीत. भाच्याने फोनवर सांगितलं, "मामी, वैऱ्यानेसुद्धा असं केलं नसतं."

मी म्हटलं, "वैरी सोबत गाडीत नव्हता."

लेकीला सांगितलं तेव्हा ती रडली. का ते कळलं नाही. मी म्हटलं, "अगं, बाबांना शिक्षा होईल म्हणून?" तर म्हणाली, "नाही गं आई."

४ सप्टेंबर, शुक्रवार

निकाल. दोन्ही कलमं सिद्ध. लायसन्स रद्द, कवळीवाल्या बाईंना भरपाई, आणि तीन महिने कैद. अपिलासाठी तीस दिवस. तोवर हे घरी. घरी म्हणजे पलीकडच्या खोलीत.

तीन महिने. यांना स्वतःची मोज्यांची जोडी सापडत नाही. मी हे सगळं केलं, आणि आता यांच्यासाठी मऊ टॉवेल कुठला द्यावा याचा विचार करतेय. मला माझीच चीड येते. टॉवेल मात्र निळा देईन.

१३ सप्टेंबर, रविवार

भाचा अपिलाचा मसुदा घेऊन सकाळीच आला. हे बाहेर आले. मी चहा ठेवला आणि आत जायला निघाले, तर हे म्हणाले, "बस." सव्वीस दिवसांनी पहिला शब्द.

"मामा, मुद्दा एकच आहे, पण भक्कम," भाचा म्हणाला. "मामींनी एकाच दिवशी दोन साक्षी दिल्या. अशा साक्षीदाराच्या मोजणीवर कैद देता येत नाही. तुम्ही फक्त सही करा." आणि वाचायला लागला, "'सदर साक्षीदाराने सांगितलेला पाच पेल्यांचा आकडा साफ चुकीचा असून...'"

यांनी हात पुढे केला. कागद घेतला, खिशातून पेन काढलं. पहिल्या परिच्छेदात दोन वेलांट्या बदलल्या. मग त्या वाक्यापाशी थांबले.

"हे वाक्य बरोबर आहे," हे म्हणाले.

"अर्थात बरोबर आहे!"

"आकडा चुकीचाच आहे. सहा होते."

भाच्याने कप खाली ठेवला. "मामा, मी हे ऐकलं नाही."

"मग मोठ्याने सांगतो. सहा. पाचवर सही मागू नकोस माझी. पहिली पाच-सहा वर्षं सोड, हिच्या पस्तीस वह्यांत आकडा कुठे चुकलेला नाही. मी सगळ्या बघितल्या. दर वेळी किती घेतली, गाडी कुठे घासली, पोरगी कुठे रडली, सगळं बरोबर." पेनाला टोपण लावलं. "हा एकच चुकलाय. अपील करायचं नाही."

"तीन महिने आत बसाल, मामा!"

"वाचायला काहीतरी देतील."

भाचा मसुदा घेऊन, चहा अर्धा टाकून गेला. आम्ही दोघं बसून राहिलो. वह्यांत ते सगळं होतं? मी तर यजमानीण बाईंनी कुठले पडदे लावलेत, मी कुठली साडी नेसले, ते लिहायचे. मध्येमध्ये तेही लिहीत असेन.

शेवटी मी विचारलं, "सहावा कधी घेतलात? मी तुमच्या समोरच होते की."

"निघताना," हे म्हणाले. "तुला माझा चष्मा शोधायला पाठवलं होतं तेव्हा."

मी त्या सहकाऱ्याच्या तिन्ही खोल्या पालथ्या घातल्या होत्या. सोफ्याच्या गाद्या उचलल्या होत्या, यजमानीण बाईंना गुडघ्यावर बसवून पलंगाखाली बघायला लावलं होतं. चष्मा यांच्या खिशातच होता, हे मला गाडीत बसल्यावर कळलं होतं. तो तिथे का होता, ते आज कळलं.